हजाराचा हिशेब

इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात २८ डिसेंबर १९७६ रोजी ‘बझकॉक्स’ नावाच्या बँडने चार गाणी ध्वनिमुद्रित केली. घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतलेले ५०० पौंड, एवढेच त्यांचे भांडवल. जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी निघाली. कंपनीचे नाव होते ‘न्यू हॉर्मोन्स’. पण कंपनी म्हणजे कोण, तर ही चार पोरे आणि त्यांचा व्यवस्थापक रिचर्ड बून. प्रती काढल्या १०००. त्या हातोहात संपल्या, पुन्हा काढाव्या लागल्या आणि विक्री १६,०००च्या घरात गेली.

आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळी तबकडी काढायची म्हणजे लंडनच्या बड्या कंपन्यांचे उंबरठे झिजवणे आलेच. बंडखोरीचा झेंडा मिरवणाऱ्या ‘सेक्स पिस्टल्स’नीही करार केला होता तो ईएमआयशी, आणि त्याच जानेवारीत ईएमआयने त्यांना बाहेरची वाट दाखवली. बझकॉक्सना बाहेर काढणारे कुणी नव्हतेच!

या पोरांनी आणखी एक गंमत केली. कोणत्या गाण्याचा कितवा टेक घेतला, हे चक्क वेष्टनावर छापले. १९७८मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने तर स्टुडिओच्या भाड्यापासून छपाईपर्यंतचा सगळा खर्चच वेष्टनावर मांडला. दुकानात तबकडी उलटून पाहणाऱ्या पोराला कळावे, की एवढ्या पैशांत हे होते. तूही करू शकतोस. साठच्या दशकात आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर जे साधले, त्याच जातकुळीचे हे धाडस.

अर्थात तबकडी काढणे सोपे, ती गावोगावच्या दुकानांत पोहोचवणे कठीण. हे काम केले लंडनच्या ‘रफ ट्रेड’ने. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६मध्ये सुरू केलेले हे दुकान पुढे इतर शहरांतल्या अशाच दुकानांशी जोडले गेले आणि छोट्या कंपन्यांचा माल देशभर जाऊ लागला. जानेवारी १९८०पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र संगीताची वेगळी क्रमवारी निघू लागली. तीत शिरण्याची अट गाण्याच्या शैलीशी निगडित नव्हती. बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर तबकडी विकली गेली पाहिजे, एवढेच पाहिले जाई. ‘इंडी’ हा शब्द मुळात व्यवहाराचा. गिटारच्या विशिष्ट सुरावटीला तो चिकटला नंतर.

पण म्हणून तो काळ सोन्याचा होता, असे समजण्याचे कारण नाही. १९९१मध्ये रफ ट्रेडची वितरण व्यवस्था कोसळली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेक छोट्या कंपन्यांचे पैसे अडकले. मँचेस्टरचीच ‘फॅक्टरी’ ही कंपनी कलावंतांना निम्मा नफा देण्यासाठी नावाजलेली. तिचे १९९२मध्ये दिवाळे वाजले. हिशेबाची वही आपल्या माणसांच्या हाती असली, तरी ती कुणीतरी नीट लिहावी लागते.

आता तर वहीच वेगळी झाली आहे. पुण्यातला किंवा नाशिकचा एखादा मुलगा घरच्या संगणकावर मराठी रॅप ध्वनिमुद्रित करतो आणि फारशा खर्चाविना ते जगभर प्रसिद्ध होते. उंबरठे झिजवणे संपले, हे खरेच. पण २०२४पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागच्या १२ महिन्यांत जे गाणे किमान १००० वेळा ऐकले गेले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळणार नाही. कंपनीचे म्हणणे असे, की ही रक्कम चिल्लर असते आणि मधल्या शुल्कांमुळे ती बहुधा कलावंतापर्यंत पोहोचतही नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण ती चिल्लर जाते कुठे? जी गाणी हा उंबरठा ओलांडतात, त्यांच्या वाट्यात ती मिसळते. गरिबाच्या ताटातला घास लहान, म्हणून तो पंगतीत वाटून टाकावा, असा हा न्याय आहे.

१९७७मध्ये १००० हा आकडा सुरुवातीचा होता. तेवढ्या प्रती विकल्या म्हणजे पदरचे पैसे परत येऊन पुढच्या तबकडीची उमेद बांधता येई. आज तोच आकडा मोजणीत धरले जाण्याची अट झाला आहे. ९०० वेळा मनापासून ऐकले गेलेले गाणे मानधनाच्या खात्यात शून्य.

दुसरी वाट आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’वर कलावंत स्वतः किंमत ठरवतो आणि डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के दलाली देतो. पण तेही दुकान २०२२मध्ये एका व्हिडिओ गेम कंपनीने विकत घेतले आणि २०२३मध्ये पुढे विकले. तेव्हा जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१०मध्ये आपल्या अल्बममधले एकेक गाणे दरमहा फुकट देऊन टाकले, कारण आपली खरी कमाई मैफलीतून होते, हे त्यांनी ओळखले होते. पण मैफली मिळवायला आधी नाव व्हावे लागते. नवख्याने काय करावे?

त्याचे उत्तर काही अंशी ऐकणाऱ्यांकडे आहे. एखाद्या अनोळखी बँडचे गाणे आवडले, तर ते एकदा तरी दाम मोजून घ्यावे, त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे. बझकॉक्सचे कर्ज काही क्रांतीने फिटले नाही. खिशातून पैसे काढून देणाऱ्या श्रोत्यांनी ते फेडले.