सुरीची मूठ आणि आपला हात

सुरी घ्यायला दुकानात गेलो की आपण आधी काय बघतो? पातं आणि धार. मुठीकडे कुणी बघत नाही. पण तासन् तास हातात असते ती मूठच. म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

मुंबईत लालबाग-परळच्या चाळींमध्ये खाणावळवाल्या बायका होत्या. घरदार गावी ठेवून गिरणीत आलेले कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या पैशांवर जेवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. त्यांच्या हातांवर घर चाललं. आज तुमचा गटही डब्यांच्या, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतो. म्हणजे आपलं भांडवलही हातच. ते दुखले की कमाई थांबते.

घरच्या चार माणसांची भाजी वेगळी आणि पन्नास माणसांचा लाल भोपळा, सुरण, कोबी चिरणं वेगळं. विळीवर बसलो की पाट पायाखाली घट्ट असतो, पातं हलत नाही आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार देता येतो. तिथे गुडघे आणि कंबर दुखतात. सुरी घेऊन ओट्याशी उभं राहिलं की गुडघे सुटतात, पण सगळा भार एका मुठीवर येतो. सुरी धरायची, दाबायची, सावरायची, सगळं एकाच हातानं. मूठ चुकीची असेल तर ती जास्त आवळावी लागते, आणि मनगट दुखतं ते त्यानेच.

मग मूठ कशी बघायची? पहिली गोष्ट जाडी. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला जेमतेम लागलं पाहिजे. दोरा गुंडाळून मोजा. बऱ्याच बायकांच्या हाताला दहा-अकरा सेंटिमीटरचा घेर बरा पडतो. पातळ मूठ बोटांत रुतते, फार जाडी पकडीत येत नाही. दुसरी गोष्ट लांबी. मुठीचं टोक तळव्याच्या बाहेर यायला हवं. आखूड मुठीचं टोक तळव्याच्या मधोमध टोचत राहतं. तिसरी गोष्ट पकड. हात ओला करून धरून बघा. गुळगुळीत मूठ निसटते. कडा टोचत असतील, खिळे वर आले असतील तर ती सुरी घेऊ नका.

चांगली मूठही बोथट पात्यापुढे हरते. धार गेली की जोर जास्त लागतो आणि सुरी घसरून बोट कापतं. धार वेळच्या वेळी लावून घ्या. भोपळा, सुरण आधी अर्धा करा आणि सपाट बाजू खाली ठेवा, म्हणजे तो डुगडुगत नाही. कडक भाजी चिरायची जागा कोपरापेक्षा साधारण वीतभर खाली हवी. ओटा उंच असेल तर न हलणाऱ्या पाटावर उभ्या राहा. मनगट वाकवू नका, खांद्यातून भार द्या. एकीनेच सगळं चिरू नये. अर्ध्या तासाने कामं बदला. एक चिरेल, दुसरी निवडेल.

अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, किंवा बोट वाकलेलंच अडकतं, असं होत असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. काम काय करता, तेही सांगा.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली सुरी कागदात गुंडाळून आणा. दोरा घ्या, मुठी मोजा, एकमेकींच्या धरून बघा. जी एकीच्या हाताला बसते ती दुसरीच्या बसेलच असं नाही. म्हणून गटासाठी सुऱ्या घेताना सगळ्या एकाच मापाच्या घेऊ नका.