छायेवरून व्यास

विजेच्या तारेवरील प्लॅस्टिकचे आवरण गरजेपेक्षा जाड झाले तर माल वाया जातो; पातळ झाले तर विजेचा धक्का वा आग यांचे भय असते. म्हणून आवरण चढत असतानाच तारेचा व्यास मोजणे इष्ट. परंतु त्या वेळी तार अखंड धावत असते आणि आवरणही मऊ असते. मायक्रोमीटरच्या जबड्यात ते दबेल. १९६० साली प्रथम साकार झालेल्या लेसरने स्पर्शाविना मापनाचा मार्ग दाखविला. फिरत्या आरशावरून परावर्तित झालेला बारीक किरण भिंगातून जाऊन ठरावीक वेगाने तारेवरून आडवा सरकतो. पलीकडील प्रकाशसंवेदी घटावर तारेची छाया जितका अधिक काळ पडते, तितका व्यास मोठा. परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी असे मापन केल्यास तार वाटोळी आहे की चपटी, हेही कळते. व्यास घटू लागताच तारेचा वेग कमी करून आवरण पूर्ववत जाड करता येते. मात्र छाया केवळ बाह्य आकार सांगते. आतील तांबे मध्यापासून ढळले असेल, तर व्यास अचूक असूनही आवरण एका बाजूस पातळच राहते. त्याची परीक्षा निराळ्या उपकरणाने करावी लागते.