उघड्या खिडक्यांची शिस्त

बँकेत नव्याने रुजू झालेल्या रोखपालाला जुने सहकारी एक नियम आवर्जून सांगतात : समोरच्या ग्राहकाची रोकड मोजून ड्रॉवरमध्ये गेल्याखेरीज आणि त्याच्या पावतीवर शिक्का उमटल्याखेरीज पुढच्या ग्राहकाची रोकड काउंटरवर घ्यावयाची नाही. दोघांच्या नोटा एकदा एकत्र आल्या, की सायंकाळी हिशेब जुळत नाही आणि चूक कोठे झाली हेही उमगत नाही. नोटा मोजणारी यंत्रे आली तरी हा नियम तसाच राहिला.

लॅपटॉपसमोर बसले की मात्र हीच शिस्त अनेकांना विसरावयास होते. पडद्यावर नेटबँकिंगचे पान उघडे असते, मागे ई-मेल असते, त्यामागे वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, एखादे अर्धवट लिहिलेले पत्र आणि वाचून संपलेली बातमी. काउंटरवर एकाच वेळी सात ग्राहकांची रोकड पसरावी, तसा हा प्रकार होय. या खिडक्या कशा हाताळाव्यात, हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. त्यात ग्राहकाचा पैसा गुंतलेला आहे.

खिडकीची कल्पना आली कोठून?

१९६८ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसच्या साहाय्याने पडद्यावर काम करून दाखविले. पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' हा संगणक तयार झाला आणि टेबलावर कागद एकावर एक ठेवावेत तशा खिडक्या एकमेकींवर ठेवण्याची पद्धत तेथे विकसित झाली. मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज' नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्यातील खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारीच मांडल्या जात. एकीवर दुसरी ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. ऑगस्ट १९९५ मध्ये 'विंडोज ९५' बरोबर पडद्याच्या तळाशी टास्कबार आला आणि कोणत्या खिडक्या उघड्या आहेत ते एका ओळीत दिसू लागले.

एकीवर दुसरी खिडकी ठेवता आल्यामुळे लहान पडद्यावर पुष्कळ कामे मावू लागली. मात्र त्याबरोबरच एक गैरसमजही रूढ झाला. जे दिसत नाही ते बंद झाले, असे वापरणाऱ्याला वाटू लागले. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील आडव्या रेघेवर टिचकी मारली असता खिडकी बंद होत नाही. ती केवळ टास्कबारवर जाऊन बसते. तिच्यातील काम चालूच राहते आणि ती संगणकाची स्मृतीही अडवून ठेवते. अशा खिडक्या वाढत गेल्या की स्मृती अपुरी पडते, संगणक काही मजकूर डिस्कवर हलवू लागतो आणि लॅपटॉप मंदावतो. 'यंत्र जुने झाले' ही तक्रार पुष्कळदा खिडक्यांच्या गर्दीतून उद्भवलेली असते.

चुकीची खिडकी, चुकीचे खाते

एक उदाहरण घेऊ. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या वसतिगृहाचे शुल्क एका गृहस्थांना भरावयाचे आहे. वसतिगृहाचा खाते क्रमांक एका ई-मेलमध्ये आहे. त्याच वेळी घराच्या रंगकामाच्या ठेकेदाराचे देयकही दुसऱ्या खिडकीत उघडे आहे. घाईत ठेकेदाराच्या खिडकीतील क्रमांक उचलला जातो, आयएफएस कोडही तेथलाच येतो आणि नावाच्या जागी मात्र वसतिगृहाचे नाव लिहिले जाते. रक्कम ठेकेदाराच्या खात्यात जमा होते.

नाव जुळत नसताना व्यवहार कसा झाला, असा प्रश्न येथे साहजिक पडतो. एनईएफटी व आरटीजीएस या पद्धतींत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकाच्या आधारे; लिहिलेल्या नावावरून नव्हे. शिवाय एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू असल्याने रात्री केलेली चूक सकाळपर्यंत थांबत नाही. गेलेली रक्कम परत मिळणे बहुधा ज्याच्या खात्यात ती गेली त्याच्या संमतीवर अवलंबून राहते. हा धोका ओळखून रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना सूचना दिली, की पैसे पाठविण्यापूर्वी त्या क्रमांकाच्या खातेदाराचे नाव ग्राहकास पाहता यावे. ही सोय अवश्य वापरावी. पडद्यावर उमटलेले नाव न वाचता पुढे जाणे म्हणजे सही न पाहता धनादेश वटविण्यासारखेच आहे.

यावरील उपाय सोपा आहे. पैसे पाठविताना दोनच खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या शेजारी शेजारी लावाव्यात. विंडोज कळ दाबून ठेवून डावा बाण दाबला की खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसते; उजवा बाण दाबला की उजव्या. क्रमांक एका बाजूस आणि नेटबँकिंग दुसऱ्या बाजूस अशी मांडणी झाली, की प्रत्येक अंक समोरासमोर पडताळता येतो. नव्या खात्यात प्रथम अल्प रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करून घेणे हे तर उत्तमच.

हाताशी असाव्यात अशा कळा

ऑल्ट कळ दाबून ठेवून टॅब कळ दाबली की उघड्या खिडक्या अलीकडच्या वापराच्या क्रमाने दिसतात. विंडोज कळीबरोबर टॅब दाबल्यास सर्व खिडक्या एकदम पसरून दिसतात. दिवसातून एकदा तरी हे दृश्य पाहावे आणि नको त्या खिडक्या मिटाव्यात. विंडोज व डी या कळांनी सर्व खिडक्या खाली जाऊन मोकळा पडदा दिसतो. ऑल्ट व एफ ४ या कळांनी समोरची खिडकी पूर्णपणे बंद होते. २०१५ च्या 'विंडोज १०' पासून विंडोज, कंट्रोल व डी या तीन कळांनी दुसरा स्वतंत्र पडदाही उघडता येतो. बँकेच्या कामासाठी एक पडदा आणि इतर कामांसाठी दुसरा, अशी विभागणी पुष्कळांना सोयीची वाटेल.

टंकलेली अक्षरे जी खिडकी त्या क्षणी सक्रिय असेल तिच्यातच उमटतात, हेही ध्यानात ठेवावे. पासवर्ड लिहीत असता मध्येच संदेशाची खिडकी पुढे आली, तर पासवर्ड संदेश म्हणून रवाना होऊ शकतो. म्हणून नेटबँकिंगपूर्वी संदेशांच्या खिडक्या बंद कराव्यात आणि टंकताना बोटांकडे न पाहता पडद्याकडे पाहावे.

वेष पालटणारे पान

२०१० साली अझा रास्किन यांनी एका फसवणुकीकडे लक्ष वेधले. ब्राउझरमध्ये अनेक पाने उघडी असतात. त्यांतील एखादे पान, वापरणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे असे पाहून, गुपचूप आपले रूप बदलते आणि बँकेच्या प्रवेशपानासारखे दिसू लागते. परत आलेल्या ग्राहकाला वाटते, की वेळ संपल्याने बँकेने आपल्याला बाहेर काढले. तो पुन्हा आपला पासवर्ड लिहितो आणि तो थेट भामट्याच्या हाती पडतो. या युक्तीचे सारे यश एकाच गोष्टीवर उभे आहे : आपण कोणकोणती पाने उघडली होती हे ग्राहकाला आठवत नसते.

म्हणून आधीपासून उघड्या दिसणाऱ्या पानावर पासवर्ड कधीही लिहू नये. ते मिटवावे, नवे पान उघडावे आणि बँकेचा पत्ता स्वतः टंकावा. बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आणावीत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश होते. पत्त्याचा हा शेवटचा भाग वाचण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी.

दूरध्वनीवरून 'मदत' देऊ करणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून आपला पडदा तिला दाखविणे म्हणजे सर्व उघड्या खिडक्या एकाच वेळी परक्यासमोर खुल्या करणे होय. कोणतीही बँक असे करण्यास सांगत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

दिवसअखेर

नेटबँकिंगचे पान नुसते मिटविणे पुरेसे नाही. प्रथम 'लॉग आउट' करावे, मग पान बंद करावे. जागेवरून उठताना विंडोज व एल या कळा दाबून पडदा कुलूपबंद करावा. हा नियम घरी जितका आवश्यक, तितकाच शाखेत. काउंटरवर एका खातेदाराचे विवरण उघडे असताना दुसऱ्याचे काम सुरू केल्यास नोंद भलत्याच खात्यात पडण्याची शक्यता असते. नोंद मंजूर करणारा अधिकारीही त्याच घाईत असेल, तर ती चूक तशीच पुढे जाते.

शाखा बंद होताना रोखपाल रोकड जुळवितो, तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि मगच दिवे मालवले जातात. लॅपटॉप मिटण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून उघड्या खिडक्यांवर एकदा नजर फिरविणे, ही त्याच परंपरेतील गोष्ट आहे. ज्या खिडकीचे काम संपले ती बंद झालेली असावी, आणि जी उघडी राहिली ती का उघडी आहे हे वापरणाऱ्यास ठाऊक असावे.