माफी दिली तर गुन्हेगार पुढे येतील?

'अभय योजना' हा शब्द आपल्याला नवीन नाही. थकलेली पाणीपट्टी किंवा घरपट्टी ठराविक मुदतीत भरा, दंड माफ! १९९७ मध्ये काळा पैसा जाहीर करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने अशीच स्कीम आणली आणि जवळपास दहा हजार कोटी रुपये टॅक्स गोळा झाला. मग इंटरनेटवर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो-व्हिडिओ बघणाऱ्यांनाही माफी जाहीर केली, तर ते स्वतःहून पोलिसांकडे येतील का?

वरवर बघता लॉजिक बरोबर वाटतं. पण मित्रांनो, टॅक्स सरकारचा असतो, त्यावरचा दंड सरकार माफ करू शकतं. फोटोतलं मूल मात्र खरं असतं. त्याच्या वतीने माफी कोण देणार? शिवाय एकाने आपली हार्ड डिस्क जमा केली, तरी बाकीच्या कॉपीज जगभर फिरतच राहतात.

दुसरी गोष्ट, भीती फक्त जेलची नसते. अमेरिकेतल्या एका वेबसाइटच्या रेकॉर्डमधून ब्रिटिश पोलिसांना सुमारे सात हजार नावं मिळाली आणि २००२ मध्ये 'ऑपरेशन ओर' सुरू झालं. त्यात ३० हून अधिक संशयितांनी आत्महत्या केल्या. काही जणांची क्रेडिट कार्डं दुसऱ्यांनीच चोरून वापरली होती, हेही नंतर पुढे आलं. घरच्यांना, ऑफिसात, शेजारीपाजारी कळेल ही धास्ती कुठल्याही सरकारी माफीने जात नाही.

जर्मनीने वेगळा रस्ता धरला. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ मध्ये अशा लोकांसाठी उपचार सुरू केले. तिथल्या कायद्याप्रमाणे पेशंटने सांगितलेला जुना गुन्हा डॉक्टरने गुप्त ठेवायचा असतो. म्हणजे गुन्हा माफ नाही, फक्त डॉक्टर पोलिसांना सांगत नाही. एवढ्यावर हजारो लोकांनी संपर्क केला. अर्थात ते डॉक्टरकडे आले, पोलिसांकडे नाही. आणि सगळं छान झालं असंही नाही. २०१५ च्या अभ्यासात दिसलं, की आधीपासून असे फोटो बघणाऱ्या बहुतेकांनी उपचार चालू असतानाही बघणं सोडलं नव्हतं. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलमध्येही शारिटेच्या सहकार्याने असा उपक्रम सुरू झाला.

आपल्याकडे मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरवरसुद्धा. त्यामुळे मूल लवकर वाचू शकतं, हा मोठा फायदा. पण ज्याच्या हातून अजून काही घडलेलं नाही, तो मदत मागायला घाबरतो, हा तोटा.

म्हणून मला वाटतं, माफीची घोषणा करून पोलीस स्टेशनसमोर रांग लागणार नाही. माणूस पुढे येतो तो गुप्ततेच्या भरवशावर, आणि तोही गुन्ह्याच्या आधी आला तरच खरा उपयोग.

जाता जाता आपल्या होस्टेलपुरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, की असं मटेरियल नुसतं बघणं किंवा जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो. ग्रुपवर अशी क्लिप आली तर 'गंमत' म्हणून फॉरवर्ड करू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा १०९८ वर कळवा. त्या क्लिपमधल्या मुलासाठी आपण निदान एवढं तरी करू शकतो.