पुनर्वसनाची दोन रूपे : पानशेतचे उदाहरण

आपत्तीनंतर समाज पुन्हा कसा उभा राहतो, याचा विचार सामान्यतः आपत्तीच्या क्षणापासून सुरू केला जातो. ही कालगणना अपुरी आहे, हे पानशेतच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वेल्ह्याच्या खोऱ्यात आंबी नदीवर बांधले जात असलेले पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. विमोचकाचे काम अपुरे असतानाच जलाशय भरला, विमोचकावरील भराव खचला आणि जवानांनी रचलेली वाळूची पोतीही त्यास थोपवू शकली नाहीत. दुपारी खडकवासल्याचे १८७९ चे दगडी धरणही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शिवाय खडकवासला हाच शहराच्या पाणीपुरवठ्याचा आधार असल्याने पूर ओसरताच पाण्याचे दुर्भिक्ष सुरू झाले.

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या पुनर्वसनाचा सुलभा ब्रह्मे व प्रकाश गोळे यांनी केलेला अभ्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९६७ साली प्रसिद्ध झाला. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पेठेतील वाडा हा केवळ निवारा नव्हे; लहान कारागिराचे गिऱ्हाईक, उधारी व शेजार ही सर्व त्याच्याशी निगडित असतात. नवे घर छप्पर देते. हे संबंध मात्र पुन्हा जोडावे लागतात, व त्यांस घर बांधण्याहून अधिक काळ लागतो.

याच धरणाने दुसराही एक समाज विस्थापित केला होता. जलाशयाखाली आंबीच्या खोऱ्यातील जमिनी गेल्या. भाताची खाचरे आणि नाचणी-वरईची वरकस जमीन सोडून अनेक कुटुंबांना दौंडसारख्या पूर्वेकडील सपाट, कोरड्या मुलुखात जावे लागले. तेथील माती वेगळी, पिके वेगळी. डोंगरउतारावरच्या शेतीचे पिढीजात ज्ञान तेथे फारसे उपयोगी पडणारे नव्हते. धरण फुटले तेव्हा बुडालेली जमीन उघडी पडली. ते पुन्हा बांधले गेले तेव्हा तीच जमीन दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली.

पहिल्या समाजाच्या हानीस दिनांक आहे, म्हणून तिची मोजदाद झाली. दुसऱ्याच्या हानीस ‘आपत्ती’ हे नावच मिळाले नाही. प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ साली, म्हणजे पूर येऊन गेल्यावर पंधरा वर्षांनी झाला. तात्पर्य, पुनर्वसनाच्या अभ्यासात निवारा, उपजीविका व सामाजिक संबंध ही तिन्ही अंगे निरनिराळी मोजली पाहिजेत. आणि ती धरणाच्या खाली राहणाऱ्यांइतकीच वर राहणाऱ्यांच्या बाबतीतही मोजली पाहिजेत.