विजेचा टांका

माझा नातू लिथियम घटांची बॅटरी घरींच जुळवीत होता. कथिलाचा डाख देण्यासाठीं तापलेली सळई तो घटाला लावणार, तोंच मीं त्याचा हात धरला.

या घटाच्या पोटांत दोन ध्रुवांमध्यें प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. तो सुमारें १३० अंश सेंटिग्रेडला वितळूं लागतो. सळई तर ३०० अंशांहून अधिक तापते. पडदा बिघडला कीं ध्रुव आंतल्या आंत जुळून घट पेट घेऊं शकतो.

यावर उपाय म्हणजे हातांत मावणारें स्पॉट वेल्डर यंत्र. एलिहू थॉमसन यांस १८८६ सालीं विद्युत्-सांधणीचें पेटंट मिळालें, तेंच हें तत्त्व. तांब्याचीं दोन टोकें ०.१५ मिलिमीटर जाडीच्या निकेल-पट्टीवर दाबलीं, कीं सेकंदाचे कांहीं सहस्रांश शेंकडों अँपिअर प्रवाह वाहतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या, रोधाच्या व कालाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलचा नियम मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला. पट्टी घटास टेकते तेथें रोध मोठा. म्हणून तेथेंच धातु वितळतो, आणि उष्णता आंत पसरण्यापूर्वीं टांका बसतो.

प्रथम टाकाऊ, उतरलेल्या घटावर हात बसवावा. पट्टी पक्कडीनें ओढतां ती फाटून तिचे ठिपके घटावर राहिले, तर टांका पक्का. अलगद सुटली, तर कच्चा. धन टोकाभोंवतीं कागदी कडें अवश्य घालावें, कारण शेजारची कड ऋण ध्रुवाचीच असते. डोळ्यांवर चष्मा असावा.

नातवाची बॅटरी दोन दिवस उशिरां झाली; पण आम्ही निर्धास्त झोंपलों.