कुकरची वाफ उतरेपर्यंत

आमच्या घरी सकाळचा डबा मी करतो. बायकोला पावणेआठची बस गाठायची असते आणि मला त्याआधी पाऊण तास आसनांसाठी हवा असतो. सुरुवातीला मी आधी आसनं, मग स्वयंपाक असा क्रम ठेवला होता. पश्चिमोत्तानासनात वाकलो की डोक्यात पोळ्या सुरू व्हायच्या, आणि रोज कात्री लागायची ती शवासनाला. शेवटी क्रमच बदलला. आधी थोडा स्वयंपाक, मग आसनं, मग राहिलेला स्वयंपाक. तेव्हा कुठे सराव टिकला.

याचं कारण साधं आहे. आपल्या रोजच्या जेवणातली कितीतरी कामं आपली आपण होत असतात. कडधान्य भिजतं, मोड येतात, कणीक मुरते, कुकरची वाफ जिरते. तिथे माणूस लागत नाही, वेळ लागतो. तोच वेळ आसनांना द्यायचा.

सुरुवात आदल्या रात्री होते. साडेसातला मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी, किंवा भाकरी आणि पालेभाजी, एवढंच जेवण. भरपेट जेवल्यावर आसनांआधी निदान चार तास जावे लागतात हे खरं, पण रात्री उशिरा जड खाल्लेलं सकाळपर्यंतही पोटात जाणवत राहतं. एकदा रात्री अकराला पावभाजी खाऊन मी सकाळी सूर्यनमस्कार घालायला उभा राहिलो. तिसऱ्या नमस्काराला घशाशी आंबट आलं आणि थांबावं लागलं.

रात्रीचं दुसरं काम भिजवणाचं. एक वाटी मूग दोन-तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात ठेवायचे. सकाळी ते फुगून दुप्पट होतात, साल ताणलेली दिसते. पाणी काढून टाकायचं, जुन्या पंच्याच्या ओल्या, घट्ट पिळलेल्या तुकड्यात त्यांची पुरचुंडी बांधायची आणि रोळीत झाकून ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पांढरे कोंब दिसतात, थंडीत दुसरी सकाळ उजाडते. फडकं पार सुकलं तर कोंब खुंटतात आणि पाणी निथळलं नाही तर मूग चिकट होऊन वास येतो, म्हणून मधे एकदा हात लावून बघावं. उसळीत आमसूल घालायचं ते मूग शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर कडधान्य लवकर मऊ होत नाही.

आता सकाळ. साडेपाचला उठून, तोंड धुऊन, कोमट पाणी पिऊन ओट्याशी यायचं. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत कणीक तिंबून झाकून ठेवायची. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. गॅस बंद करूनच चटईवर जायचं, हा नियम मी कधीही मोडत नाही. ज्योत चालू असली की कान शिट्टीकडे राहतात, आणि शवासनातून धडपडत उठणं शरीरालाही बरं नाही. बंद कुकरमध्ये वरण-भात आतल्या उष्णतेवर मुरत राहतो. दाबाखाली पाणी शंभरऐवजी साधारण 120 अंशांवर उकळतं, त्यामुळे गॅस बंद केल्यावरही आत शिजणं काही वेळ चालू असतं. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई केली तर ते राहून जातं. कणकेचंही तसंच. अर्धा तास मुरलेल्या कणकेची पोळी लाटताना मागे ओढली जात नाही.

सहा वाजता चटई. पाच मिनिटं नुसतं बसून श्वास बघायचा. मग सहा सूर्यनमस्कार, सावकाश. सूर्यनमस्कार घरोघरी पोचले त्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा मोठा वाटा आहे. राजा असून ते स्वतः रोज घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घेत. पुढे वाकताना श्वास सोडायचा, मागे झुकताना घ्यायचा. एवढं सांभाळलं तरी वेग आपोआप आवरतो. त्यानंतर त्रिकोणासन, भुजंगासन, शलभासन, पश्चिमोत्तानासन, अर्धमत्स्येंद्रासन. भुजंगासन स्वयंपाक करणाऱ्याने चुकवू नये. ओट्याशी, पोळपाटाशी आपण सतत पुढे झुकलेले असतो, खांदे पुढे येतात. पालथं झोपून, कोपरं अंगाशी धरून छाती सावकाश वर उचलली की तो आखडलेपणा सुटताना कळतो.

मग सात मिनिटं शवासन. एव्हाना कुकर निवलेला असतो, झाकणाच्या कडेने शिजलेल्या डाळीचा वास येतो. तो येऊ द्यावा, मन अडवायला जाऊ नये. शेवटी पाच मिनिटं अनुलोम-विलोम, आणि पावणेसातला पुन्हा ओटा. वरणाला फोडणी, चार पोळ्या, उसळ. सव्वासातला डबा भरलेला असतो.

स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत आहाराचे नियम आहेत. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, गार झालेलं पुन्हा गरम करून खाऊ नये असं त्यात आहे, आणि पथ्याच्या यादीत गहू, तांदूळ, दूध, तूप, सुंठ यांच्याबरोबर मूगही आहे. अपथ्याच्या यादीत मात्र ताक, कुळीथ, हिंग आणि लसूण आहेत, म्हणजे आपली निम्मी फोडणी. मी हिंग सोडलेला नाही. तो ग्रंथ एकांतातल्या मठीत राहून साधना करणाऱ्यासाठी लिहिला आहे. बस गाठणाऱ्या माणसाने त्यातला चौथा भाग रिकामा ठेवण्याचा नियम घ्यावा आणि ताजं खावं, एवढं पुष्कळ झालं असं माझं ठाम मत आहे. पावपोट रिकामं ठेवायचं ते मापून नव्हे. आणखी अर्धी पोळी खावीशी वाटते तिथे हात धुवायचा.

रक्तदाब, हर्निया, मणक्याचं दुखणं असेल किंवा गरोदरपण असेल तर पुस्तक बघून किंवा माझ्यासारख्याचं वाचून आसनं सुरू करू नका. डॉक्टरांना विचारा आणि जाणत्या शिक्षकासमोर शिका. पाहुणे, प्रवास, आजारपण यांत पाऊण तास मिळणार नाही. त्या दिवशी तीन सूर्यनमस्कार आणि शवासन करा, पण चटई अंथरा.

आणि आज झोपण्याआधी एक वाटी मूग भिजवा. परवा सकाळी डब्यात उसळ असेल.